मरळीला दिलेला शब्द

"अचिल, उकळी फुटली तर बू रेत्नो मला कच्ची खातील हं," हामिदा म्हणाली आणि तिने पुन्हा पातेल्यावरचं झाकण उचललं. बू रेत्नो म्हणजे इस्पितळाच्या स्वयंपाकघरावर देखरेख करणाऱ्या बाई.

"मग झाकण ठेव की! सारखं काय डोकावतेस? आत काय नवरी बसलीय?" मस्तूराने तिच्या मनगटावर हलकेच पळी मारली. "वाफ गेली की अर्क पाणचट होतो. तुला शिकवता शिकवता माझे केस पिकले."

"माझ्यामुळे नाही पिकले. वरच्या मजल्यावर झोपलाय ना, त्याच्यामुळे पिकलेत."

हामिदाची जीभ सैल होती, पण ती खोटं बोलत नव्हती.

नगारा नदीकाठच्या त्या गावात, टाके पडले की माणसाला मरळ खायला घालायची, हे कुणी कुणाला सांगत नाही. बाळंतीण असो, भाजलेलं माणूस असो, पोट फाडून शिवलेला कुणी असो, भेटायला येणाऱ्या शेजारणीच्या डब्यात दुसरं काही नसतंच. इस्पितळाने पुढे तेच रीतसर करायला घेतलं. ताज्या मरळीचं मांस मंद वाफेवर ठेवायचं, सुटलेलं पाणी मलमलीतून गाळायचं, आणि तो पिवळसर अर्क लहान कपांतून वॉर्डात पाठवायचा. नवी कातडी धरायला रक्तात जे लागतं ते त्यात भरपूर असतं, असं डॉक्टर म्हणत. मस्तूराची उमर त्या पातेल्यापुढे गेली होती. अख्खं स्वयंपाकघर तिला अचिल, म्हणजे मावशी म्हणायचं. बाजारात एखादी बाई मध्येच थांबून म्हणायची, "अचिल, ओळखलं का? तुमचा अर्क पिऊन माझे टाके भरले." मस्तूरा ओळखल्यासारखं हसायची. तिला कुणाचंच तोंड माहीत नसायचं, फक्त खाटेचा क्रमांक माहीत असायचा.

पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळची एक खाट मात्र अशी होती की तिच्यासाठी कप भरायचाच नव्हता. त्या खाटेवर तिचा नवरा होता.

सर्कवी होड्या बांधायचा. उलिनच्या टणक लाकडावर वाकसाने तासताना फळी पायाने दाबून धरायची, हीच त्या लोकांची रीत. हात चुकायचं वय झालं आणि एक दिवस वाकस फळीवरून घसरून पायात गेला. "खरचटलंय," असं म्हणत त्याने फडकं गुंडाळलं आणि होडी पुरी केली. रक्तातल्या साखरेचं त्याने कधी मनावर घेतलंच नव्हतं. इस्पितळात आला तेव्हा पाऊल टम्म फुगलं होतं आणि जखमेला वास येत होता. आता बरेच दिवस रोज ती धुतली जात होती, साखर सुयांनी खाली आणली होती, पण जखम काही मिटायचं नाव घेत नव्हती.

आणि सर्कवीच्या घराण्यात मरळ खात नाहीत.

त्याची गोष्ट आहे. ती सर्कवीकडूनच ऐकायला हवी, कारण तो ती फार रंगवून सांगायचा. त्याच्या पणजीच्याही आधीची कुणी बाई, तान्हं पोर घेऊन एकटी होडीतून निघाली. दलदलीला पूर आलेला. मध्यावर तळाची फळी फुटली आणि पाणी आत येऊ लागलं. तिने अंगावरचं वस्त्र कोंबलं, ते राहिना. हाताने दाबून धरलं तर वल्हवणार कोण? पोराला डोक्यावर घेऊन ती बसून राहिली. आणि मग पाणी यायचं थांबलं. कसं थांबलं ते तिला काठाला लागल्यावर कळलं. एक मरळ त्या भोकात शिरून गच्च अडकली होती. मेली होती. बाईने तिला काठावर पुरलं आणि शब्द दिला, की माझ्या रक्ताचं माणूस तुला तोंडात घालणार नाही. शब्द मोडेल त्याची कातडी उकलेल, असंही नंतर कुणीतरी जोडलं. कुणा चुलत्याच्या अंगावर पांढरे डाग आले होते त्याचं नाव घेऊन ते अजूनही सांगतात.

मशिदीतल्या गुरूंनी एकदा सर्कवीला छेडलं होतं. "अल्लाने हलाल केलेलं तू स्वतःवर हराम करतोस होय रे?"

"हराम कोण म्हणतंय, गुरू?" सर्कवी म्हणाला होता. "हलालच आहे. पण शब्द दिलाय. उधार घेतलेली होडी परत करतो ना आपण? तसंच."

मस्तूरा लग्न होऊन आली तेव्हा सुनांना मरळीची बंदी नव्हती. तिने आपण होऊन घरात सोडली. तिला ती फार आवडायची, विस्तवावर भाजलेली, वर लिंबू पिळलेली. पण नवरा खात नाही ते आपण चाटून पुसून खायचं हे तिला बरं वाटेना. कामावर मात्र दिवसभर हात त्यातच. म्हणून संध्याकाळी घरात शिरण्याआधी ती नदीवरच्या तराफ्यावर थांबायची, लिंबाने हात चोळून अंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि मग पायऱ्या चढायची. सर्कवी पडवीतून ओरडायचा, "झाली का गं धुऊन? का मासोळी येतेय घरात?" तिला तराफ्यावर लिंबू चिरून ठेवलेलं मिळायचं. ते कोण ठेवतं हे दोघंही कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी पातेलं उतरवून मस्तूरा वर गेली तेव्हा डॉक्टर खाटेपाशीच होते. बंजारमासिन शहरातून आलेला तरुण माणूस. त्याने पट्टी सोडली होती.

"बापाक, रक्तातलं बळ कमी पडतंय," डॉक्टर सांगत होते. "अंड्याचा पांढरा भाग खाताय ते ठीक. मरळीचा अर्क घ्या म्हणून मी पहिल्यापासून सांगतोय. तुमच्या बायकोच्याच हातचा आहे."

"माझी बायको चांगला बनवते, शंका नाही," सर्कवी हसत म्हणाला. "पण ते आमच्यात चालत नाही, डॉक्टर. बदकाची अंडी आणा हवी तितकी. आता मी बदकासारखा ओरडायचा तेवढा राहिलोय."

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. डॉक्टर हसले नाहीत. जाताना त्यांनी मस्तूराला दारापाशी बोलावलं.

"काळं पडायला लागलंय कडेने. असंच राहिलं तर घोट्यापासून काढावा लागेल. फार थांबता येणार नाही."

"होडी बांधतात ते," मस्तूरा म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"माहीतेय. म्हणून तर थांबलोय."

ती परत खाटेपाशी आली. सर्कवीने सगळं ऐकलं नव्हतं, पण तिच्या तोंडावरून ओळखलं असावं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एका पायाचे पण होडीवाले असतात की नाही?"

"नसतात," मस्तूरा म्हणाली.

"असतील गं. आपण बघितले नसतील."

त्याचा आवाज इतका मवाळ होता की तिला रडू यायला लागलं. आणि त्याचबरोबर फार रागही आला. त्या मेलेल्या माशाचा, त्या होडीतल्या बाईचा, आणि पाय द्यायला तयार झालेल्या या माणसाचा.

खाली हामिदा भांडी घासत होती. "गोळीत मिळतो आता अर्क," ती पाठ न वळवता म्हणाली. "सुकवून भरलेला असतो. वास नाही, काही नाही. औषधांच्या दुकानात टांगलेल्या असतात बाटल्या. माझ्या नणंदेने घेतल्या. तिला तर मासा म्हटलं की ओकारी."

"त्याला सांगू कसं?"

"सांगायचं कशाला?"

मस्तूराने हातातला कप खाली ठेवला. "तू असलं काही बोलू नकोस."

पण ऐकलं ते ऐकलं. एकदा होडीतलं भोक बुजवलं त्या मासळीने, आता पायातलं बुजवलं तर तिला का राग येईल, असं मस्तूरा घरी जाताना स्वतःशी बोलत राहिली. तिला ते पटत होतं. पटलं नसतं तरी तिने तेच केलं असतं, हेही तिला आतून कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिने बाटली विकत घेतली आणि गोळ्या जुन्या, ताकदीच्या औषधाच्या बाटलीत भरल्या.

"हे काय नवीन?" सर्कवीने विचारलं.

"ताकदीच्या आहेत."

"आण," तो म्हणाला आणि त्याने तळहात पुढे केला. "या इस्पितळात मी तुझंच तेवढं ऐकतो."

त्याने गोळी गिळली, वर पाणी प्यायला आणि लगेच अंड्यांची चेष्टा सुरू केली. मस्तूराला वाटलं होतं आपल्याला खोटं बोलता येणार नाही. ते सहज आलं. तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

जखम भरली. आधी काळेपणा थांबला, मग तळाशी लाल मांस दिसायला लागलं, मग कडेने गुलाबी कातडी आत सरकू लागली. डॉक्टर रोज वाकून बघायचे आणि खूश व्हायचे. मस्तूराने त्यांना एकदा बाजूला घेऊन गोळ्यांचं सांगितलं.

"चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "पण सगळं श्रेय त्यांनाच देऊ नका. साखर आटोक्यात आलीय, रोज जखम धुतली जातेय. कशाने किती झालं हे मलाही सांगता येणार नाही."

"म्हणजे गोळ्यांशिवायही भरली असती?"

"भरली असती कदाचित. कदाचित नसतीही."

हे उत्तर तिला नको होतं. ती हो किंवा नाही यातलं काहीही घेऊन घरी गेली असती.

सर्कवी घरी आला आणि त्याने नवस जाहीर केला. खाटेवर पडल्या पडल्या त्याने मनात धरलं होतं म्हणे, की पाय राहिला तर बाजारातल्या जिवंत मरळी विकत घेऊन दलदलीत सोडायच्या. सगळं घराणं जमलं. त्याची थोरली बहीण, जिला लहानमोठे सगळे जुलाक म्हणत, ती पांढरी ओढणी सावरत पुढे उभी राहिली. सर्कवी काठी न घेता तराफ्यापर्यंत चालत गेला. बादल्यांत मरळी धडपडत होत्या. एकेक सोडताना तो काहीतरी पुटपुटत होता, आणि सगळ्या सोडून झाल्यावर तो लोकांकडे वळला.

"डॉक्टरने सांगितलं मरळ खा. मी म्हटलं, पाय गेला तर जाऊ दे. बघा, राहिला की नाही? आपण शब्द राखला, तिने पाय राखला."

जुलाकने डोळे पुसले. पोटुशी असलेली हिकमा, सर्कवी-मस्तूराची एकुलती लेक, बापाच्या दंडाला धरून उभी होती. मस्तूरा मागे बायकांत उभी राहिली आणि तिने मान खाली घातली. लोकांना वाटलं, ती दुआ करतेय.

"सोडलेल्या सगळ्या येणार परत आपल्याच पातेल्यात," हामिदा तिच्या कानाशी कुजबुजली. "जाळी काय ओळखणार नवसाच्या कुठल्या आणि विकायच्या कुठल्या?"

मस्तूराला हसू आलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस मरळ चिरताना ती माशाच्या तोंडाकडे बघायचं टाळायची.

तरी ते दिवस सुखाचेच होते, हे सांगायला हवं. सर्कवी पुन्हा फळीवर पाय ठेवून काम करू लागला. तराफ्यावर लिंबू पुन्हा चिरून ठेवलेलं मिळू लागलं. रात्री कूस बदलताना त्याचं पाऊल तिच्या पायाला लागायचं, ती नवी कातडी गुळगुळीत होती, आणि मस्तूराला वाटायचं, झालं ते झालं, हे आपल्याबरोबरच जाईल. तिला फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसणं तिला जमत होतं.

मग हिकमाचं पोट फाडून मूल काढावं लागलं.

नात झाली. गोरी, केसाळ, रडकी. घरभर पिवळा भात शिजला. पण हिकमाचा टाका खालच्या बाजूने सुटला, त्यातून पाणी यायला लागलं आणि ताप चढला. तिला परत आणून त्याच इस्पितळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जी यादी आली तिच्यात बू रेत्नोंनी हिकमाच्या खाटेपुढे कप लिहिला होता. मस्तूराने तो स्वतः गाळला, मलमल दोनदा पिळली आणि स्वतःच घेऊन वर गेली.

सर्कवी तिथेच होता. नातीला मांडीवर घेऊन बसला होता.

हिकमाने कप बघितला आणि तोंड फिरवलं. "मा, तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे. पी."

"नाही पिणार."

"हिकमा, ताप बघ किती आहे. पोट उघडं पडलंय तुझं. पी एवढं."

"अबाहचा पाय भरला ना?" हिकमाचे ओठ सुकले होते, पण आवाज ठाम होता. "कापायला निघाले होते. त्यांनी नाही घेतलं, तरी भरला. मग माझं का नाही भरणार? मी काय त्यांची मुलगी नाही?"

सर्कवी नातीच्या कपाळावरचे केस सारत होता. तो हसला. अभिमानाने हसला. "माझ्यावर गेलीय," तो म्हणाला. "पण पोरी, आईचं काळीज आहे ते. तिला रागावू नकोस. अंडी खा, भरेल."

"नर्स काय म्हणाली ऐकलंत ना?" मस्तूरा म्हणाली. "विष रक्तात गेलं तर..."

"भरेल गं. विश्वास ठेव."

मस्तूरा कप हातात धरून उभी होती. कप कोमट होता. ती आधी हिकमाकडे बघत होती, मग बाळाकडे, आणि सर्कवीकडे बघायची तिला हिंमत होत नव्हती. आता गप्प बसले तर पोरगी ऐकणार नाही. बोलले तर हा माणूस जाईल. जाईल म्हणजे कुठे जाणार नाही, घरातच राहील. पण जाईल. तिला हे इतकं स्वच्छ दिसलं की बोलताना तिचा आवाजही हलला नाही.

"अबाहचा पाय मरळीनेच भरला," ती म्हणाली. "मी दिली. त्या ताकदीच्या गोळ्या नव्हत्या."

हिकमाने मान वळवून आईकडे बघितलं.

"मा!" हिकमा म्हणाली.

सर्कवीने बाळाला नीट उचलून पाळण्यात ठेवलं. दुपट्याची कडा मुडपली. सगळं सावकाश केलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"पाय काढायचं बोलले तेव्हापासून. जखम मिटेपर्यंत."

"रोज?"

"रोज."

तो आपल्या पावलाकडे बघू लागला. चप्पल काढून बघत राहिला, बाजारात दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून उचलून आणली की माणूस जसा बघतो तसा.

"मी तिकडे तराफ्यावर सगळ्यांसमोर बोललो," तो म्हणाला.

"हो."

"तू मागे उभी होतीस."

"हो."

तो आणखी काही विचारेल म्हणून ती थांबली. त्याने तिच्या हातातून कप घेतला, खाटेच्या कडेवर बसला आणि हिकमाच्या मानेखाली हात घातला.

"पी, हिकमा."

"अबाह, नको..."

"पी म्हणतो ना. शब्द माझ्या तोंडून मोडलाय. तुझ्यावर काही यायचं नाही. ज्याच्यावर यायचं त्याच्यावर येईल. पी."

तिने रडत रडत तो संपवला. सर्कवीने कप धुऊन खिडकीत उपडा ठेवला आणि चप्पल घालून बाहेर गेला. त्याचा पाय जराही लंगडत नव्हता.

हिकमा बरी झाली. पोट मिटलं, ताप उतरला, ती बाळाला घेऊन सासरी गेली. कुणी काही बोललं नाही. सर्कवी मस्तूरावर ओरडला नाही, ताटावरून उठला नाही, वेगळा निजला नाही. शेजाऱ्यांना काही कळावं असं त्या घरात काही घडलंच नाही. फक्त साखरेच्या आजाराच्या गोळ्या तो आता तिच्या हातून न घेता पाकिटातून स्वतः फोडून घेऊ लागला. संध्याकाळी ती तराफ्यावर अंघोळ करून पायऱ्या चढायची तेव्हा पडवीतून हाक यायची नाही. लिंबू ती घरूनच नेऊ लागली.

एकदा तिने न राहवून म्हटलं, "पाय काढला असता ना त्यांनी. मग मी काय करायला हवं होतं?"

तो रंधा चालवत होता. थांबला. "विचारायला हवं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो," तो म्हणाला. "नाही म्हणालो असतो."

आणि पुन्हा रंधा चालू झाला. मस्तूरा थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली.

मौलूदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या महिन्यात त्या घराण्याचं जेवण असतं. ते जुलाकच्या घरी होतं. रक्ताची माणसं आत मोठ्या खोलीत चटईवर बसतात. लग्नाने आलेल्या सुना आणि जावई बाहेर, पडवीत. त्यात कुणी अपमान मानत नाही. ज्यांच्या तोंडाला मरळ लागलेली असणार त्यांनी त्या दिवशी आतल्यांत मिसळायचं नाही, एवढंच. बाप गेल्यापासून आतली पहिली जागा सर्कवीची होती. होडीची गोष्ट तोच सांगायचा, मग दुआ व्हायची.

हिकमा आली नव्हती. बाळाला ताप आहे असा निरोप होता. तो खरा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मस्तूरा नेहमीप्रमाणे पडवीत, खांबाजवळ बसली. ताटं वाढून झाली. पिवळा भात, बदकाच्या अंड्यांचं कालवण, परतलेली पालेभाजी. सर्कवी पायऱ्या चढून आला, उंबऱ्यापाशी थांबला आणि आत गेला नाही.

"ये ना," जुलाक आतून म्हणाली. "तुझ्यासाठीच थांबलेत सगळे."

"मी बाहेर बसतो, जुलाक."

"बाहेर? बाहेर कशाला?"

"मी मरळ खाल्लीय."

आतली बडबड थांबली. जुलाक गुडघ्यावर हात टेकत उठली आणि दारात आली. "काय म्हणालास?"

"पायाच्या वेळी. खाल्लीय मी."

मस्तूरा अर्धी उठली. "जुलाक, त्यांनी नाही, मी त्यांना..."

"मस्तूरा." तो वळला नाही. "बस खाली."

ती बसली.

"कुणी घातली तुझ्या तोंडात?" जुलाक विचारत होती, पण बघत होती मस्तूराकडेच. "खरं सांग. कुणी घातली?"

"तोंड माझं आहे, जुलाक. दुसरं कोण घालणार?"

"आणि ते नवसाचं? ते सगळ्यांसमोर बोललास ते?"

"ते चुकीचं बोललो."

म्हातारी दाराला धरून उभी राहिली. "गेला असता पाय तर जाऊ द्यायचा होतास," ती म्हणाली. "आपले अबाह असते तर आज तुला बाहेर बसवलं असतं."

"म्हणूनच बसतोय," सर्कवी म्हणाला.

त्याने आतलं आपलं ताट मागून घेतलं. कुणीतरी पुतण्याने ते दोन्ही हातांनी आणून दिलं. ते घेऊन सर्कवी पडवीतल्या ओळीत आला, सुनांच्या आणि जावयांच्या समोरून चालत गेला. सगळे आपापल्या ताटाकडे बघत होते. तो खांबाजवळ थांबला.

"सरक जरा," तो मस्तूराला म्हणाला.

ती सरकली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या जेवणाला तो तिच्या शेजारी कधी बसला नव्हता. नवी नवरी होती तेव्हा तिला फार वाटायचं की त्याने यावं, एकदा तरी उठून बाहेर येऊन बसावं. आता तो बसला होता आणि त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. तिला त्याच्याकडे बघवेना.

सर्कवीने हात धुतला, भातात कालवण घातलं आणि घास कालवायला घेतला.

"थांबा," मस्तूरा हळूच म्हणाली.

"काय?"

"आतल्यांनी घास घेतल्याशिवाय बाहेर घ्यायचा नसतो."

त्याने हात मागे घेतला. ओळीकडे बघितलं. सगळ्यांचे हात मांडीवर होते. त्यानेही बोटं झटकली आणि हात मांडीवर ठेवला.

आत पहिली जागा रिकामीच राहिली. मग मघाच्याच पुतण्याने घसा खाकरला आणि गोष्ट सुरू केली. तो अडखळत सांगत होता, मध्येच मागे जात होता, जुलाक त्याला दुरुस्त करत होती. बाहेर माशा वारत सगळे बसून होते. कालवणावर साय धरायला लागली.

"एवढी लांब आहे होय ही गोष्ट?" सर्कवीने विचारलं.

"तुम्ही सांगायचात तेव्हा याहून लांब असायची," मस्तूरा म्हणाली.

आतल्या गोष्टीतली बाई अजून होडीतच होती. सर्कवीने आपल्या ताटावर बसलेली माशी हाताने उडवली, मग मस्तूराच्या ताटावरची उडवली, आणि दोघं भाताकडे बघत थांबून राहिले.